इंग्रजी शाळेचा दाखला वेगळा, इंग्रजीचा पुरावा वेगळा

बेळगाव : ब्रिटनला नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांसाठी इंग्रजीची पायरी यंदा एका इयत्तेनं वर गेली आहे. ८ जानेवारी २०२६ पासून 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला बी-१ ऐवजी बी-२ पातळीचं इंग्रजी दाखवावं लागतं. आयईएलटीएस परीक्षेच्या हिशोबात सांगायचं तर आधी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत ४ बँड पुरत होते, आता प्रत्येक भागात ५.५ लागतात. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं स्थलांतरावर जी श्वेतपत्रिका काढली, तिच्यातलं हे एक कलम होतं. त्याच धोरणात २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे 'केअर वर्कर' बोलावणं बंद झालं आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी कामाची पातळी पदवीच्या तोडीची केली गेली.

बातमी लंडनची असली तरी ती खानापूर, निपाणीपासून मडगाव आणि वडोदऱ्यापर्यंत घराघरात पोचते. आपल्या भागातून नर्सिंग, हॉटेल, आयटी आणि अकाउंट्सच्या कामाला बाहेर जाणारी पोरं कमी नाहीत. आणि ही बातमी ऐकली की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं : "आमचा मुलगा इंग्लिश मीडियमचा आहे, त्याला काय अडचण?"

नेमकी तिथंच गफलत आहे. शाळेचं माध्यम इंग्रजी असणं आणि परदेशी सरकारला इंग्रजीचा पुरावा देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण लाखांनी फी भरली, मराठी शाळांचे वर्ग रिकामे केले. दुसरीची चौकशी मात्र पासपोर्ट हातात आल्यावर सुरू होते.

पुरावा कुणाला मागतात?

सगळ्यांनाच मागत नाहीत, ही पहिली गोष्ट. ब्रिटनकडं 'बहुसंख्य इंग्रजी बोलणाऱ्या' देशांची यादी आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, त्रिनिदाद, गयाना, माल्टा असे देश त्यात आहेत. तिथल्या नागरिकाला परीक्षा द्यावी लागत नाही. भारत त्या यादीत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, १९६३ च्या राजभाषा कायद्यानं केंद्राच्या कारभारात इंग्रजी कायम राहिली, वैद्यकीय आणि नर्सिंगचं शिक्षण बहुतांशी इंग्रजीतच होतं. तरीही नाही. यादी पासपोर्ट बघते, माणसाचं इंग्रजी नाही.

ऑस्ट्रेलियाचंही तसंच. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड आणि आयर्लंड या पाच देशांचा पासपोर्ट असेल तर कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारी किमान इंग्रजी गृहीत धरली जाते. कॅनडा याबाबतीत जरा सरळ आहे. 'एक्स्प्रेस एंट्री'त लंडनमध्ये जन्मलेल्यालाही परीक्षा आणि बेळगावात जन्मलेल्यालाही. अमेरिकेचं गणित आणखी वेगळं. एच-१बी व्हिसासाठी तिथलं सरकार इंग्रजीची परीक्षाच मागत नाही, कंपनी मुलाखत घेते तेवढंच.

भाषेच्या परीक्षेनं माणसं अडवण्याचा इतिहास जुना आहे. ऑस्ट्रेलियानं १९०१ च्या कायद्यानं बंदरावर उतरणाऱ्याला ५० शब्दांचं श्रुतलेखन द्यायची पद्धत सुरू केली होती. भाषा कुठली ते अधिकारी ठरवायचा. १९३४ मध्ये एगॉन किश या युरोपीय लेखकाला अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं गेलं. ही परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली. आजच्या परीक्षा तशा नाहीत. निकष जाहीर असतात, तयारी करता येते, गुण वाढवता येतात. पण कुणाला परीक्षा आणि कुणाला सूट हे आजही देश बघूनच ठरतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

'मीडियम'चं पत्र कुठं चालतं?

आपल्याकडं सर्रास सल्ला मिळतो : कॉलेजातून 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन'चं पत्र आणा, काम होऊन जाईल. काही ठिकाणी होतं, बऱ्याच ठिकाणी होत नाही.

विद्यार्थी म्हणून जायचं असेल तर ब्रिटनची अनेक विद्यापीठं बारावीच्या इंग्रजी विषयाचे गुण धरतात. कुठल्या बोर्डाचे आणि किती टक्के, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. इथं शब्द नीट वाचा : बारावीचा इंग्रजी विषय. पहिली ते दहावीचं माध्यम कुणी विचारत नाही.

नोकरीच्या व्हिसासाठी इंग्रजीतून घेतलेली पदवी पुरावा म्हणून चालते, पण नुसत्या कॉलेजच्या पत्रावर नाही. ब्रिटनमधल्या 'एक्टिस' या संस्थेकडं (तिचं जुनं नाव नारिक) पैसे भरून अर्ज करावा लागतो. आपली पदवी तिथल्या बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीच्या बरोबरीची आहे आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली, असं त्या संस्थेनं लिहून दिलं तर आयईएलटीएस वाचते. बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या अनेकांना हा रस्ता माहीतच नसतो. क्लासवाल्यांनी तो आपणहून सांगावा अशी अपेक्षाही करू नये. त्यांचं दुकान परीक्षेवर चालतं.

नर्सेसची गोष्ट वेगळी. व्हिसाच्या आधी त्यांना ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडं नोंदणीची प्रक्रिया सुरू करावी लागते आणि कौन्सिलचा उंबरठा व्हिसापेक्षा बराच उंच आहे. आयईएलटीएसमध्ये वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५. नाहीतर ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची खास परीक्षा. तिच्यात तीन भागांत 'बी' आणि लेखनात 'सी प्लस'. लेखनातही पूर्वी ७ लागायचे. खूप जणी तिथंच अडकायच्या म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये ते अर्ध्या बँडनं खाली आणलं. फेब्रुवारी २०२३ पासून आणखी एक दार उघडलं. ब्रिटनमध्येच आरोग्य किंवा देखभालीच्या कामात बिननोंदणीच्या पदावर किमान वर्षभर राबलेल्या आणि नर्सिंग इंग्रजीतून शिकलेल्या, किंवा एखाद्या भागात अगदी थोडक्यात गुण हुकलेल्या व्यक्तीसाठी आता तिथला मालक इंग्रजीबद्दल लिहून देऊ शकतो. पण हे दार आधीच तिकडं पोचलेल्यांसाठी आहे. बेळगावच्या हॉस्टेलवरून अर्ज करणाऱ्या मुलीला ते उपयोगाचं नाही. तिला परीक्षाच द्यावी लागते, मग तिचं बी.एस्सी. नर्सिंग शंभर टक्के इंग्रजीत झालेलं असो.

लग्न होऊन जाणाऱ्यांनाही हे चुकलेलं नाही. नवरा किंवा बायको ब्रिटनची नागरिक असेल तर जोडीदाराला जाताना ए-१, अडीच वर्षांनी मुदतवाढीला ए-२ आणि कायमचं राहायला बी-१ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. ए-१ म्हणजे नाव-गाव, दुकान-दवाखाना एवढ्यापुरतं ऐकणं-बोलणं. घाबरण्यासारखं काही नाही, पण परीक्षा ती परीक्षाच.

अर्ध्या बँडचा हिशोब

इंग्रजी 'येतं' की 'येत नाही' एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. किती येतं, याला रोख किंमत आहे. कॅनडाचं उदाहरण घ्या. एक्स्प्रेस एंट्रीत आयईएलटीएसचे बँड 'सीएलबी' नावाच्या मापात बदलतात. सीएलबी ८ म्हणजे ऐकण्यात ७.५ आणि बाकी तिन्हींत ६.५. सीएलबी ९ म्हणजे ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७. फरक सगळीकडं अर्ध्याच बँडचा. एकट्यानं अर्ज करणाऱ्याला सीएलबी ८ ला प्रत्येक भागाचे २३ गुण मिळतात, म्हणजे एकूण ९२. सीएलबी ९ ला प्रत्येकी ३१, म्हणजे एकूण १२४. सरळ ३२ गुणांचा फरक.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. पदवी आणि इंग्रजी, परदेशातला अनुभव आणि इंग्रजी, अशा जोड्यांचे वेगळे गुण असतात आणि त्यांचा वरचा टप्पा चारही भागांत सीएलबी ९ असेल तरच मिळतो. तीन वर्षांहून जास्त अनुभव असलेल्याला सीएलबी ८ वर या जोडीचे २५ गुण, सीएलबी ९ वर ५०. तीन भागांत उत्तम आणि फक्त लेखनात ६.५ आले, तर लेखनाचे ८ गुण जातातच, वर जोडीचे २५ गेले. निवडीची रेषा काही गुणांनी हुकते तिथं हा एक बँडचा तुकडा म्हणजे जाणं आणि राहणं यातला फरक ठरतो. ऑस्ट्रेलियातही तीच तऱ्हा. इंग्रजी किमान पातळीवर असेल तर गुण शून्य, त्यावरच्या पातळीला १० आणि सगळ्यात वरच्या पातळीला २०.

आता दुसरी बाजू, खर्चाची. आयईएलटीएसची फी सध्या १८ हजारांच्या आसपास आहे. ओईटी तीस हजारांच्या वर जाते. तीनदा आयईएलटीएस दिली की ५४ हजार नुसत्या फीचे झाले. क्लास, प्रवास, मुक्काम, बुडालेला पगार वेगळाच. निकाल दोन वर्षंच चालतो. एजंटाकडं फाइल रखडली, नोकरीचं पत्र लांबलं की मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. माणसाचं इंग्रजी दोन वर्षांत विसरत नाही, पण कागद विसरतो.

भारतात या परीक्षेचा धंदाही एकाच हातात आहे. आयईएलटीएसचे मालक तीन : ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियाची आयडीपी आणि केंब्रिज. त्यांपैकी ब्रिटिश कौन्सिलनं आपला भारतातला आयईएलटीएस व्यवसाय २०२१ मध्ये १३ कोटी पौंडांना आयडीपीला विकला. एका देशातल्या परीक्षा घेण्याच्या हक्काला एवढी रक्कम मिळते, यावरूनच इथून किती जण फी भरतात याचा अंदाज यावा.

गोव्याची वाट अरुंद झाली

गोव्यातल्या वाचकांना हा विषय बराच काळ परका होता, कारण त्यांच्याकडं दुसरा रस्ता होता. पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत जन्मलेले गोंयकार आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगालचं नागरिकत्व घेऊ शकतात. तो पासपोर्ट युरोपीय संघाचा. त्यावर हजारो जण सरळ ब्रिटनला गेले. स्विंडन शहरात तर गोंयकारांची मोठी वस्तीच झाली. ना व्हिसा, ना इंग्रजीची परीक्षा. गोदामात, इस्पितळात, विमानतळावर कामाला लागायचं आणि भाषा तिथंच शिकायची.

३१ डिसेंबर २०२० नंतर ते बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघातून पूर्ण बाहेर पडला आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही नव्यानं जायचं तर नोकरीचा व्हिसा लागू लागला. पोर्तुगाल इंग्रजी बोलणाऱ्या देशांच्या यादीत नसल्यामुळं आता त्याला बी-२ चा पुरावाही आला. आयर्लंड आणि बाकीचा युरोप त्याला खुला आहे. पण भारतीय नागरिकत्व सोडून हा पासपोर्ट घेताना 'लंडन तर आहेच' हे गृहीतक ज्यांच्या डोक्यात अजून आहे, त्यांनी ते काढून टाकलेलं बरं.

विकत घेतलेल्या दाखल्याचं काय होतं?

परीक्षा आली की तिची पळवाट आलीच. एप्रिल २०२२ मध्ये कॅनडाच्या बाजूनं अमेरिकेत शिरताना सेंट रेजिस नदीत बुडणाऱ्या बोटीतून काही गुजराती तरुण पकडले गेले. न्यायालयात त्यांना इंग्रजी प्रश्न कळेनात, दुभाषा लागला. आणि त्यांच्याच नावावर आयईएलटीएसचे साडेसहा-सातचे बँड निघाले. मग मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीच्या पत्रावरून मेहसाणा पोलिसांनी तपास हाती घेतला.

उलट बाजूही बघा. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये 'टोइक' या इंग्रजी परीक्षेतली कॉपी टीव्हीवर उघडकीला आली. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनं २०११ ते २०१४ मधल्या ५८,४५८ निकालांची छाननी केली आणि ९७ टक्के निकाल एक तर बाद किंवा संशयास्पद ठरवले. त्यावरून हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले. त्यात भारतीय पुष्कळ होते. ज्यांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती तेही वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. काही जण जिंकलेही, पण तोवर शिक्षण आणि पैसा दोन्ही गेलं होतं. दोनचार लाखांत 'बँड करून देतो' म्हणणारा एजंट फक्त आपल्या गिऱ्हाइकाला बुडवत नाही. त्या केंद्रावर त्या दिवशी बसलेल्या सगळ्यांवर तो संशय आणतो.

मग मराठी शाळेचं काय?

आता मूळ मुद्दा. बेळगाव, खानापूर, कारवार असो की गोवा, मराठी शाळेतून मूल काढताना आईबाप जे कारण देतात त्यात 'उद्या बाहेर जायचं झालं तर' हे हमखास असतं. माध्यमाचा हा वाद आपल्याकडं कोर्टापर्यंत गेलेला आहे. कर्नाटकानं १९९४ च्या भाषा धोरणात पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधून असं ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मे २०१४ मध्ये सांगितलं की सरकार मातृभाषेची सक्ती करू शकत नाही, माध्यम निवडणं पालकाचा हक्क आहे. गोव्यात २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि राज्यभर आंदोलन पेटलं. हक्क पालकाचा आहे, याबद्दल वाद नाही. पण हक्क बजावताना माहिती खरी हवी.

खरी माहिती अशी की वर ज्या देशांच्या अटी सांगितल्या, त्यातला एकही देश चौथीपर्यंत कुठल्या भाषेत शिकलात हे विचारत नाही. विचारतात ती परीक्षा, नाहीतर पदवी, फार तर बारावीचा विषय. आणि नर्सिंग, इंजिनिअरिंग, बी.कॉम. ही पदवी मराठी शाळेतून आलेली मुलगीही बहुधा इंग्रजीतच घेते.

इंग्रजी शाळेतल्या मुलाला ऐकण्या-बोलण्यात फायदा असतो, हे नाकारून चालणार नाही. सवयीनं भीड चेपलेली असते. पण गाडी अडते ती बहुधा लेखनात, आणि तिथं माध्यमाचा फारसा आधार नाही. आयईएलटीएसमध्ये एका तासात १५० आणि २५० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात : एखादा तक्ता किंवा पत्र, आणि एखाद्या मुद्द्यावर स्वतःचं मत, कारणांसकट. पाठ केलेला निबंध परीक्षक ओळखतो आणि गुण कापतो. आपल्या शाळा, मराठी असोत की इंग्रजी, निबंध पाठ करूनच लिहायला लावतात. दोन्हीकडच्या मुलांना 'ए' आणि 'द' कुठं लावायचं हे चुकतं, कारण मराठीत ते नाहीतच. दोन्हीकडं 'व'चे इंग्रजीतले दोन उच्चार एकच होतात. ज्याला स्वतःच्या भाषेत चार वाक्यं मुद्देसूद मांडता येतात, त्याला ती इंग्रजीत मांडायला शिकवणं सोपं जातं. ज्याला दोन्हीत येत नाही, त्याचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे, आणि तशी मुलं आपल्याकडच्या कमी फीच्या 'कॉन्व्हेंट'मधून भरपूर बाहेर पडतायत.

म्हणून मराठी शाळा टिकवू पाहणाऱ्यांनी नुसता अस्मितेचा झेंडा धरून भागणार नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. सीमाभागातल्या आणि गोव्यातल्या मराठी शाळांनी तो विषय नीट शिकवला, आठवड्यातून दोन तास मुलांना इंग्रजीत बोलायला आणि मनानं लिहायला लावलं, तर 'बाहेर जायचं झालं तर' या कारणाला उत्तर मिळतं. पालकाला शाळा बदलण्याचं कारणच उरत नाही. हे काम माजी विद्यार्थ्यांच्या संघटना, वाचनालयं, मंडळं करू शकतात. त्याला कुठल्या सरकारचा आदेश लागत नाही, ना बेंगळुरूचा ना मुंबईचा.

अर्ज करण्याआधी एवढं बघा

१. आधी देश, मग व्यवसायाची नोंदणी करणारी संस्था, मग परीक्षा. उलट्या क्रमानं गेलात तर चुकीच्या परीक्षेला पैसे भराल. आयईएलटीएस 'अकॅडमिक', 'जनरल ट्रेनिंग' आणि 'फॉर यूकेव्हीआय' हे वेगळे प्रकार आहेत. ब्रिटनच्या नोकरीच्या व्हिसासाठी साधी आयईएलटीएस चालत नाही, यूकेव्हीआयचीच लागते.

२. नर्स असाल तर ओईटीचा विचार जरूर करा. फी जास्त आहे, पण लेखनात रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं. वॉर्डात काम केलेल्या बाईला ते परकं वाटत नाही.

३. पदवी असेल तर परीक्षेच्या आधी एक्टिसची चौकशी करा.

४. नाव जुळवून घ्या. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर नुसती आद्याक्षरं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. भारतात या परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो. निकालावरचं नाव तेच येणार.

५. आता एकाच भागाची फेरपरीक्षा देण्याची सोय आयईएलटीएसनं काढली आहे. पण जिथं जायचं तो देश आणि ती संस्था असा निकाल मान्य करते का, हे फी भरण्याआधी त्यांच्याच अधिकृत संकेतस्थळावर वाचा. एजंटाच्या व्हॉट्सअपवर नको.

६. दोन वर्षांची मुदत उलटी मोजा. अर्ज कधी जाणार ते ठरवा, मग परीक्षेची तारीख घ्या.

सीमाभागातल्या माणसाला 'तुझी भाषा कुठली, कागद दाखव' हा प्रश्न नवा नाही. १९५६ पासून तो आपण ऐकतोय, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. परदेशी दूतावासाच्या खिडकीवर विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्याचं उत्तर वर्षभराच्या मेहनतीनं देता येतं, आणि त्यासाठी घरातली भाषा सोडावी लागत नाही. पुढच्या जूनमध्ये मुलाचं नाव कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवताना एवढं तरी ध्यानात असू द्या.